सत्यवती वनात निघाली तेव्हा

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वाडीतले सर्वांत वडीलधारे मच्छीमार माननीय दामाजीकाका भोईर, शिक्षण विभागातून आवर्जून इथवर आलेले प्रमुख पाहुणे माननीय कुंडलिक कांबळे साहेब, शाळेचा शिक्षकवर्ग, माझ्याबरोबर याच खोलीत पाढे म्हटलेले आणि न म्हटल्याबद्दल मार खाल्लेले माझे सोबती, मासळीचा बाजार अर्ध्यावर टाकून आलेल्या माझ्या आयाबहिणी, पुढे सतरंजीवर बसलेली बाळगोपाळ मंडळी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आदरणीय सरस्वती नाखवा बाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी परशुराम तांडेल. एकोणीसशे सहासष्ट साली बाईंच्या हाताखाली चौथी पास झालो. गेली सतरा वर्षं ठाण्याला, नौपाड्यात एका वकिलांच्या कचेरीत टाइपरायटर बडवतो आहे. दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांच्या नोटिसा, दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. आज स्वतःचं काहीतरी बोलायला उभा आहे, आणि नेमका कागद आणलेला नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या अडतीस वर्षांच्या सेवेचा आढावा घेतला. स्कॉलरशिपला बसवलेली मुलं, एकही दिवस उशीर नाही, पुरात पोथीसारखी डोक्यावर घेऊन आणलेली हजेरीची पुस्तकं. ते सगळं खरं आहे. मी त्यात भर घालणार नाही. मला फक्त एका शनिवारच्या दुपारीबद्दल बोलायचं आहे. अध्यक्षांनी सात मिनिटं दिली आहेत. दामाजीकाका, तुम्ही मला पोहायला शिकवलंत, तेव्हाही मी वेळेवर बाहेर आलो नव्हतो, हे आठवून माफ करा.

गोष्ट आमच्या घरातली आहे. सगुणावहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलतो आहे. काल रात्रीच विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा की. पण माझी बाजू घ्यायला जाऊ नका, भाऊजी. तेव्हा घेतली नाही, आता कशाला?"

तर बाजू न घेता सांगतो.

इथल्या तरुण मुलांना खरं वाटणार नाही, पण या खाडीवर आमची पाच घरं पोटभर जेवत होती. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या. माझी आई जनी, तिला तुम्ही सगळे जनीबाय म्हणायचात, डोंबिवलीच्या बाजारात पाटी घेऊन बसली की अकराच्या आत रिकामी होऊन परत यायची. बाबा लवकर गेले. होडी थोरल्या भावाने, भिवाजीदादाने, सोळाव्या वर्षी हातात घेतली. तो पाण्यावर होता म्हणून मी शाळेत होतो. हे एक वाक्य मी कुठल्याही प्रतिज्ञापत्रात लिहून द्यायला तयार आहे.

मग त्र्याऐंशीच्या सुमारास पाणी बदललं. कुणी म्हणे वरच्या कारखान्यांचं सांडपाणी, कुणी म्हणे आणखी काही. कोर्टात सिद्ध करण्याइतकं मला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की आईचं नेहमीचं गिऱ्हाईक, वीस वर्षं तिच्याकडून मासळी घेणाऱ्या एक बाई, शिजवलेल्या कालवणाची वाटी घेऊन बाजारात आल्या आणि म्हणाल्या, "जनीबाई, जरा वास घ्या." रॉकेलचा वास होता. त्या भांडल्या नाहीत. उलट संकोचल्या होत्या. आई ती वाटी हातात घेऊन बसून राहिली. त्या दिवशी पाटी प्रथमच भरलेली परत आली.

त्यानंतर बोय पांढरी पोटं वर करून काठाला लागायला लागली. भिवाजीदादा रोज होडी काढायचा आणि रोज जाळं धुऊन परत यायचा. धुऊन म्हणजे काय, तेही पाणी तसंच.

सगुणावहिनी सातवी शिकलेल्या. वाडीतल्या बायकांत तेव्हा सर्वांत जास्त शिकलेल्या त्याच. त्यांनी एका कंत्राटदाराकडून कारखान्यातल्या कामाचा फॉर्म आणला, स्वतः भरला, दादाकडून सही करून घेतली. आईला ते आवडलं नाही, पण ती नाहीही म्हणाली नाही. दादाने होडी पालथी घातली आणि चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत तो कामाला लागला. पहिल्या दिवशी घालायला त्याच्याकडे पँट नव्हती. मी माझी दिली. आखूड होत होती. रतन, त्याची पाच वर्षांची मुलगी, हसून हसून लोळली होती.

ऑगस्टमध्ये तो गेला.

टाकी साफ करायला एक माणूस आत उतरला आणि खालीच कोसळला. दादा वर उभा होता. त्याला कुणी उतर म्हणालं नव्हतं. पण पाण्यात माणूस बुडताना दिसला तर काठावर उभं राहायचं नाही, हे त्याच्या हाडातच होतं. तो उतरला. टाकीत पाणी नव्हतं, वायू होता. दोघांनाही दोराने वर काढलं.

(जरा पाणी मिळेल का? ... धन्यवाद.)

तेराव्याच्या दिवशी पाहुणे गेले. वहिनी भांडी घासत होत्या. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या पोर्‍याला तू कामाला धारलास तिथं. आता या घरान राहू नको."

वहिनींनी हातातलं पातेलं खळबळून पालथं ठेवलं. आत गेल्या आणि ट्रंक भरायला लागल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे काय करायचं ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी वहिनींना आणि रतनला त्यांच्या भावाकडे, आंबिवलीला पोचवायला निघालो.

कल्याणला गाडी बदलायला थांबलो होतो. रतनला बाकावर झोप लागली होती. वहिनींनी एकदाच विचारलं, "भाऊजी, तुम्हीही असंच समजता?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मला माहीत होतं, नाही म्हणायला हवं. मी शिकलेला होतो, कायद्याची भाषा रोज टाइप करत होतो. मी म्हणालो, "गाडी आली बघा." गाडी आली नव्हती.

मंडळी, आई खाडीवर परत गेली. पंचावन्न वर्षांची बाई, पालथी होडी तिने एकटीने सरळ केली. रोज पहाटे जायची, जाळं टाकायची, काळं चिकट झालेलं घेऊन यायची आणि दुपारभर काठावर बसून ते साफ करायची. शेजारणी बोलवायला जायच्या, ती उठायची नाही. जेवण मी ठेवायचो ते तसंच राहायचं. मी म्हणायचो, "आई, काही नाही राहिलं तिथे." ती म्हणायची, "तुला काय माहीत?" यापलीकडे आमच्यात तीन महिने बोलणं झालं नाही.

आणि मग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, बाई काठावर आल्या.

आम्हा मुलांना बाई कशा माहीत होत्या? इस्त्रीची पांढरी साडी, ठाण्याच्या चेंदणीतून येणं-जाणं, आणि पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणं. "पानी नव्हे, पाणी" असं म्हणून माझ्या हातावर किती पट्ट्या बसल्या आहेत, त्या मोजल्या असत्या तर गणित सुधारलं असतं. बाई आमच्याच जातीतल्या, कोळ्याच्याच, हे ऐकून माहीत होतं, पण कानांना कधी पटलं नव्हतं.

त्या दिवशी बाई आईशेजारी चिखलात बसल्या. पांढऱ्या साडीत. जाळ्याचं एक टोक मांडीवर घेतलं आणि गाठी सोडवायला लागल्या. बोटं सराईत होती. मी घराच्या दाराशी उभा होतो, दहा पावलांवर. अर्धा तास दोघी गाठी सोडवत होत्या. सांत्वनाचं एक अक्षर नाही. मग आईनेच विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. सांगा माना. ह्या पानी परत चांगला व्हईल का?"

मला वाटलं, बाई म्हणतील, होईल, धीर धरा. सगळे तेच म्हणत होते.

बाई म्हणाल्या, "नाय व्हनार, जनीबाय. आपल्या डोल्यांदेखत तरी नाय."

मी बाईंच्या तोंडून आमची बोली पहिल्यांदा ऐकली. आणि इतकं खरं बोलणंही त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच ऐकलं. आईचे हात थांबले. मग बाईंनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. कोणती? जी आम्हाला चौथीत शनिवारच्या शेवटच्या तासाला सांगायच्या तीच. हस्तिनापूरच्या राणीची, सत्यवतीची. पण वर्गातली सत्यवती राणी होती. काठावर बाईंनी सांगितलेली सत्यवती आमच्यातली होती. होडी वल्हवणारी, अंगाला मासळीचा वास असलेली, बापाच्या शब्दावर वाढलेली. राजा भुलला, तेव्हा बापाने अट घातली की माझ्या लेकीचीच मुलं गादीवर बसतील. अट मान्य झाली. वाडीतली पोर राजवाड्यात गेली.

"मंग?" आई म्हणाली. गोष्ट तिला माहीत नव्हती असं नाही. पण कीर्तनात ऐकलेली आणि आपल्या शेजारी बसून कुणी सांगितलेली, यात फरक असतो.

मग बाईंनी सांगितलं, की दोन मुलगे झाले आणि दोघेही गेले. एक लढाईत, एक आजारात. घरात दोन विधवा सुना उरल्या. नातू झाले, त्यातला एक आंधळा, दुसरा गादीवर बसला आणि तोही रानात मेला. ज्या गादीसाठी बापाने हट्ट धरला, त्या गादीने एकेक माणूस खाल्लं. नातवाचं दिवसकार्य झालं आणि सत्यवतीचा थोरला मुलगा, लग्नाआधीचा, जो ऋषी झाला होता, तो तिच्यापाशी आला. त्याने तिला धीर दिला नाही. तो म्हणाला, आई, सुखाचे दिवस सरले. पुढे आणखी वाईट आहे. या घराचा नाश बघत इथे बसू नकोस.

"आनि ती उठली?" आईने विचारलं.

"उठली."

"भांडली नाय?"

"नाय भांडली. तिला कललं व्हतं आधीच. कोनीतरी बोलायला पायजे व्हतं, येवराच."

आई खाडीकडे बघत होती. म्हणाली, "एकली गेली रानान?"

"नाय. सुनांना घेऊन गेली."

आई वळली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. "सुना कशाला गेल्या तिच्यासंगती? पोर्‍ये तर मेले. त्यांचा काय नाता उरला व्हता?"

बाईंनी जाळ्याची गाठ सोडवली. म्हणाल्या, "तीच उरली व्हती ना त्यांना. आनि त्याच हिला. ज्याच्यासाठी ही रडत व्हती, त्याच्याचसाठी त्या रडत व्हत्या. दुसरं कोन व्हतं त्या वाड्यान, जनीबाय, ज्याला हिचा पोर्‍या म्हायती व्हता?"

बस्. एवढंच. बाई उठल्या, साडीचा चिखल झटकला, माझ्याकडे बघून शुद्ध भाषेत म्हणाल्या, "परशुराम, आईला पाणी दे," आणि गेल्या.

अध्यक्ष महाराज, गोष्टीने चमत्कार होतो असं मला म्हणायचं नाही. आई त्या दिवशी रडली नाही, जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा होडी काढली. पण चौथ्या दिवशी तिने जाळं साफ केलं, वाळवलं, घडी करून माळ्यावर टाकलं आणि मला म्हणाली, "शनवारी आंबिवलीला नेशील का?"

तुम्हाला वाटेल, सासू गेली, सून धावत आली. तसं झालं नाही. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी येणार नाही." आईने आत पाऊल टाकलं नाही. ओट्यावर बसली. संध्याकाळपर्यंत बसली आणि आम्ही परत आलो. पुढच्या शनिवारी पुन्हा. वहिनींच्या भावाने चहा आणून ठेवला, वहिनी बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी रतन आली आणि आजीच्या जवळ, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर बसली.

चौथ्या शनिवारी वहिनी बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुम्ही रोज रोज कशाला येता? लोक बघतात. माफी मागायची असेल तर मागा आणि जा."

आई म्हणाली, "माफी मागून काय व्हतंय? फॉर्म तू भरलास. पन मी नको बोलले व्हते का? नाय बोलले. माना पन पगार पायजे व्हता, सगुना. पहिल्या दिवशी त्याची भाकर मीच बांधली. तू एकलीनं नाय धारला त्याला. आपून दोघींनी धारला."

मी तिथे उभा होतो. आता तरी तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, "पँट माझी होती, वहिनी." याहून शहाणं वाक्य मला सुचलं नाही. "आणि कल्याणला तुम्ही विचारलं होतं. मी तसं समजत नव्हतो. कधीच नव्हतो. पण बोललो नाही."

वहिनी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "माहीत आहे मला. बोलला नाहीत, तेच जास्त लागलं." मग आईला म्हणाल्या, "आत या. उन्हात बसू नका."

त्या दिवशी घरात त्या दोघी जे रडल्या, ते मी बाहेर ओट्यावर बसून ऐकलं. पंधरा दिवसांनी वहिनी आणि रतन वाडीवर आल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. खाडी सुधारली नाही. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. होडी रेतीवाल्यांना गेली. आई आणि वहिनी सुकी मासळी बाहेरून आणून बाजारात एका पाटीला दोघी बसायला लागल्या. भांडायच्याही. बोंबील कुणी नीट पारखून आणले नाहीत यावरून त्यांची भांडणं सगळ्या बाजाराला पाठ होती. पण दर ऑगस्टमध्ये, त्या तारखेला, दोघी बाजार बंद ठेवायच्या आणि दिवसभर दादाच्या आठवणी काढायच्या. एक त्याच्या लहानपणच्या सांगायची, एक नंतरच्या. मध्येच दोघी हसायच्या. ते हसणं ऐकायला मी कामावर रजा टाकायचो. गेल्या चैत्रात आई गेली, ती वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून. शेवटची हाक तिने मला मारली नाही. त्यांना मारली. मला वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण योग्य तेच झालं.

आता शेवटचं. गेल्या आठवड्यात या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला मी चेंदणीला बाईंच्या घरी गेलो होतो. चहा झाला आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. म्हटलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही आईकडे का आलात? आणि तीच गोष्ट का?"

बाईंनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "चौसष्ट साली माझा भाऊ समुद्रात गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. त्याच्या बायकोला माझ्या आईने पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी पाठवलं. घरात शिकलेली मी एकटी. आईशी बोलू शकणारी मी एकटी. आज बोलू, उद्या बोलू. वर्ष झालं तेव्हा मी एक साडी घेऊन तिला भेटायला गेले. दारात तिची आई होती. म्हणाली, ती जाऊन दोन महिने झाले. खाणंच सोडलं होतं पोरीने."

मग म्हणाल्या, "परशुराम, त्याच आठवड्यात शनिवारी चौथीला सत्यवतीची गोष्ट होती. दरवर्षी सांगायचे. सुनांना घेऊन गेली, हे वाक्यही दरवर्षी सांगायचे. पाठच होतं. त्या शनिवारी ते तोंडातून बाहेर पडलं आणि मला ऐकू आलं. तोवर मी फक्त सांगत होते रे."

मी विचारलं, "हे समारंभात सांगू का?" बाई म्हणाल्या, "सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं. फक्त तिचं नाव नीट घे. आमच्या घरात एकतीस वर्षं कुणी घेतलेलं नाही."

सभ्य स्त्रीपुरुषहो, या शाळेने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी वेळेकडे कानाडोळा केला, कांबळे साहेबांनी परतीची घाई बाजूला ठेवली, आणि तुम्ही सर्वांनी इतका वेळ न चुळबुळता ऐकलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बाई, आमच्या घरात उशीर झाला नाही, तो तुमच्या घरात झालेल्या उशिरामुळे. याचे आभार कसे मानायचे, मला माहीत नाही. म्हणून मानत नाही.

बोलता बोलता कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, कुणाच्या मनाला ओरखडा उठला असेल, तर तो माझ्या पदरात घाला आणि पोटात घ्या. एक नाव मात्र राहू देत नाही. बाईंच्या भावजयीचं नाव केशर. केशर नाखवा. वय वर्षं एकवीस.

बाई, उच्चार बरोबर झाला ना? चुकला असेल तर क्षमा करा.